कराचीची धूळ, उल्हासनगरची गच्ची

२३ जानेवारी २०२२, रविवार. उल्हासनगरातून एरवी सहज दिसणारा मलंगगड त्या दिवशी आभाळात पुसून गेला होता. आधी धुकंच वाटलं. पण स्कूटरच्या सीटवर बोट फिरवलं तर ओल लागली नाही, पांढुरकी रेघ उठली. वाळत घातलेल्या कपड्यांवर, टाकीच्या झाकणावर, तुळशीच्या पानांवर तीच पिठासारखी भुकटी. मुंबई-ठाण्यातही तोच प्रकार. आदल्या दिवशी ही धूळ कराचीवर होती. तिकडच्या ओसाड मुलखातून वाऱ्याने ती उचलली आणि अरबी समुद्र ओलांडून आमच्या गच्चीवर आणून टाकली.

कराची ते मुंबई सरळ रेषेत सुमारे ८९० किलोमीटर. ताशी ४० किलोमीटरचा वारा धरला तर २२ तासांची वाट. फाळणीनंतर याच कराचीहून सिंधी कुटुंबं बोटींनी मुंबईला उतरली, कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत राहिली आणि १९४९ साली त्या छावणीचं उल्हासनगर झालं. शेजारच्या सिंधी आजींना मी धूळ कुठून आली ते सांगितलं. त्यांनी पदराने कठडा पुसायला घेतला होता. हात थांबला आणि कितीतरी वेळ तसाच राहिला.

मी हिशेबाला बसलो. समजा, दर चौरस मीटरवर फक्त एक ग्रॅम धूळ पडली. शहराचं क्षेत्रफळ सुमारे १३ चौरस किलोमीटर, म्हणजे झाली १३ टन. हा आकडा काही फार नाही, एका डंपरभर माल. डोकं गरगरतं ते कण मोजताना. दहा मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा गारगोटीचा कण घेतला तर एका ग्रॅमात असे सुमारे ७२ कोटी कण बसतात. प्रत्येक भारतीयाला एकेक कण वाटायचा तर सुमारे दोन ग्रॅम लागतील. २०११च्या जनगणनेनुसार उल्हासनगरची लोकसंख्या ५ लाख ६ हजार. ते १३ टन त्यांच्यात वाटले तर माणशी सुमारे १,८५० कोटी कण. आणि कण एकाच मायक्रॉनचे असतील तर याच्या हजारपट!

एवढी वाट हे कण खाली न पडता कसे येतात, याचं उत्तर त्यांच्या लहानपणातच आहे. दहा मायक्रॉनचा कण स्थिर हवेत सेकंदाला जेमतेम आठ मिलिमीटर उतरतो. किलोमीटरभर उंचीवरून जमिनीला टेकायला त्याला सुमारे ३५ तास लागतात. कराचीहून इथे यायला २२ पुरतात. दोन मायक्रॉनचा कण तर महिनाभराहून जास्त तरंगत राहतो.

तरंगणं एवढं सोपं, तरी जाणकारांना एक कोडं पडलं होतं. धूळ मुळात उडतेच कशी, याचं. वाटतं, जितका कण बारीक तितका तो सहज उडेल. घडतं उलटं. हात झटकला की रवा गळून पडतो, मैदा चिकटून राहतो. कणाचा व्यास दहापट कमी केला की वजन हजारपट घटतं, पण चिकटण्याचा जोर दहापटच घटतो. म्हणजे वजनाच्या मानाने चिकाटी शंभरपट वाढते. राल्फ बॅगनोल्ड या ब्रिटिश लष्करी अभियंत्याने लिबियाच्या वाळवंटात फिरून आणि वातबोगद्यात प्रयोग करून १९४१ साली यावर ग्रंथ लिहिला. वारा आधी हलवतो ती वाळू, मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपासची. ती टुणटुण उड्या मारत पुढे जाते, प्रत्येक उडीला जमिनीवर आदळते आणि त्या माराने चिकटून बसलेली धूळ उधळते. आमच्या गच्चीवरच्या कणाला उडवणारा वाळूचा दाणा तिकडेच राहिला.

या आदळआपटीत वीजही तयार होते. स्वच्छ दिवशी जमिनीलगत दर मीटरला सुमारे १०० व्होल्टचं विद्युतक्षेत्र असतं. उडत्या वाळूत ते १ लाख ६० हजारांपर्यंत मोजलं गेलं आहे. दुसरं, अजून पुरतं न सुटलेलं कोडं इथेच येतं. सहाराची धूळ अटलांटिकमध्ये गोळा करताना संशोधकांना ३,५०० किलोमीटरवर ४५० मायक्रॉनपर्यंतचे दाणे सापडले. हे २०१८ साली प्रसिद्ध झालं. हिशेबाने असे दाणे उडाल्या जागेपासून फार दूर जाऊच नयेत. जोरदार वारे, गडगडाटी ढगांतले उभे झोत, दाण्यांवरचा विद्युतभार अशी कारणं मांडली गेली आहेत. एकट्या कुठल्याच कारणाने भागत नाही, मिळून भागत असावं असं मला वाटतं.

जगभरात दरवर्षी सुमारे २०० कोटी टन धूळ हवेत चढते. दहा टनांच्या ट्रकांत भरली तर २० कोटी ट्रक. आठ मीटर लांबीचे हे ट्रक एकामागे एक लावले तर पृथ्वीला ४० वेढे बसतील. त्यातली सहाराची दोन कोटी टनांहून अधिक धूळ ॲमेझॉनच्या खोऱ्यावर पडते आणि तिच्यातून सुमारे २२ हजार टन फॉस्फरस त्या जंगलाला मिळतो. आपल्यालाही देणं आहेच. व्ही. विनोज आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखवलं की पावसाळ्यात पश्चिम आशियाची धूळ अरबी समुद्रावर ऊन शोषते, हवा तापते, ओले वारे भारताकडे जोराने ओढले जातात आणि आठवड्याभरात मध्य भारतात पाऊस वाढतो.

सोमवारी सकाळी आम्ही गच्ची धुतली. तीन बादल्या लागल्या. गढूळ पाणी पन्हाळीतून नाल्यात, नाल्यातून वालधुनीत गेलं. वालधुनी कल्याणच्या खाडीला मिळते, खाडी अरबी समुद्राला.