नाचणीची आंबील

सह्याद्रीच्या उतारावरील वाड्यांत लावणीच्या दिवसांतली सकाळ फार लवकर सुरू होते. उजाडण्यापूर्वीच चूल पेटते. शेतावर निघालेला माणूस वाडगाभर आंबील पितो, तोंडी लावायला कच्चा कांदा किंवा भाजलेला सुका बोंबील घेतो, आणि दुपारपर्यंत भर पावसात वाकून काम करतो. तेवढ्या न्याहारीवर त्याची भूक भागते. उन्हाळ्यात हीच आंबील थंड करून पितात. तेव्हा तिच्यातील पाणी आणि मीठ घामावाटे गेलेल्या पाण्याची व मिठाची भरपाई करतात.

आंबील म्हणजे आंबवलेल्या पिठाची पातळ लापशी. आंबणे, आंबट आणि आंबील हे एकाच कुळातील शब्द आहेत. ज्वारीची आंबीलही करतात. ज्येष्ठा गौरींच्या नैवेद्यात कित्येक घरी तिला मान असतो. परंतु कोकणात आणि घाटमाथ्यावर आंबील म्हटली की बहुधा नाचणीचीच.

नाचणीला नाशिककडे नागली म्हणतात, कर्नाटकात रागी. तिच्या ताटाच्या टोकाला येणारे कणीस हाताची बोटे किंचित मिटावी तसे दिसते. यावरूनच इंग्रजीत तिला ‘फिंगर मिलेट’ हे नाव मिळाले. तिचे मूळ घर पूर्व आफ्रिकेतील उंच प्रदेशात, इथिओपिया आणि युगांडा यांच्या बाजूला. तेथून ती फार प्राचीन काळी भारतात आली आणि अशी रुजली, की आज तिला कोणी पाहुणी म्हणणार नाही. केनियातही तिच्या पिठाची पातळ लापशी न्याहारीला घेतात, तिला ‘उजी’ म्हणतात. ओडिशातील कोरापुटच्या डोंगरात तिचीच ‘मंडिया पेज’ होते.

भाताला खाचर लागते, खाचरात पाणी साठावे लागते. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत पाणी थांबत नाही, मातीचा थरही पातळ असतो. अशा जागी नाचणी तग धरते. उन्हाळ्याच्या शेवटी पालापाचोळा आणि शेण पसरून राब भाजतात, त्यात बी पेरतात, आणि पाऊस स्थिरावला की रोपे उपटून उतारावर लावतात. दिवाळीच्या सुमारास कणसे कापून, वाळवून, खळ्यात झोडपतात. मोहरीएवढे विटकरी रंगाचे ते दाणे कणगीत पडले म्हणजे घरातील वडीलधारी माणसे निश्चिंत होत, कारण नाचणीला सहसा कीड लागत नाही आणि ती वर्षानुवर्षे टिकते. ज्या वर्षी भात बुडे, त्या वर्षी हीच कणगी उघडली जाई.

आता आंबील कशी करतात ते पाहू. चार माणसांसाठी एक वाटी नाचणीचे पीठ पुरते. आदल्या रात्री ते दोन वाट्या पाण्यात कालवून त्यात दोन चमचे ताक घालतात आणि भांडे झाकून ठेवतात. भांडे मातीचे असावे किंवा स्टीलचे. कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ कळकतो आणि तो खाणे अपायकारक असते. रात्रभर त्या भांड्यात जे घडते ते डोळ्यांना दिसत नाही. ताकातील सूक्ष्म जीवाणू पिठातील साखर खाऊन तिचे आम्ल बनवतात, आणि त्या आम्लामुळेच सकाळी झाकण काढताच आंबूस वास येतो. उन्हाळ्यात सहा-सात तासांत पीठ आंबते, थंडीत बारा तासही लागतात. म्हणून हिवाळ्यात भांडे चुलीच्या उबेला ठेवण्याची रीत आहे.

या आंबवण्याने चव येते हे खरे, पण तेवढ्यासाठीच ते केले जात नाही. धान्याच्या दाण्यात फायटेट नावाचे द्रव्य असते. ते लोह, कॅल्शियम यांसारख्या क्षारांना धरून ठेवते, आणि मग हे क्षार पोटात जाऊनही अंगी लागत नाहीत. पीठ आंबले म्हणजे या फायटेटचा बराच भाग मोडतो. ज्या बायकांनी ही रीत घालून दिली त्यांना फायटेट हे नाव ठाऊक नव्हते, परंतु कोणती आंबील मानवते हे त्या अनुभवाने जाणत होत्या.

सकाळी दुसऱ्या भांड्यात चार वाट्या पाणी उकळत ठेवतात. त्यात आंबलेले पीठ बारीक धारेने सोडायचे आणि दुसऱ्या हाताने सतत ढवळत राहायचे. नवशिकी मुलगी पुष्कळदा कोरडे पीठच उकळत्या पाण्यात टाकते आणि मग गुठळ्या पाहून रडकुंडीला येते. गुठळ्या का होतात? पिठात स्टार्चचे असंख्य कण असतात. पाणी साधारण ६५ ते ७५ अंश सेल्सियसपर्यंत तापले म्हणजे हे कण पाणी शोषून फुगतात आणि चिकट होतात. कोरड्या पिठाचा गोळा कढत पाण्यात पडताच त्याचा बाहेरचा थर तत्काळ फुगून चिकटतो, आणि आत पाणी शिरायला वाटच उरत नाही. गुठळी फोडून पाहिली तर आत कोरडे पीठ तसेच सापडते! पीठ आधीच गार पाण्यात कालवलेले असले म्हणजे प्रत्येक कण सुटा राहतो, आणि सारे एकदम, सारखे फुगतात.

पीठ सोडल्यावर आच मंद करतात. पहिली दोन-तीन मिनिटे आंबील पाण्यासारखी पातळ दिसते, मग ती एकाएकी दाटू लागते आणि रटरट आवाज करते. या वेळी हात थांबला तर ती तळाला लागते, आणि करपलेल्या आंबिलीचा वास कशानेच जात नाही. आठ-दहा मिनिटांत कच्च्या पिठाचा वास सरतो, रंग गडद होतो आणि पळीला चकाकी येते. तेव्हा ती शिजली असे समजावे.

मग भांडे उतरवून कोमट होऊ द्यायचे. घाई करून उकळत्या आंबिलीत ताक ओतले तर ते फाटते आणि त्याचे कण वेगळे होतात. कोमट आंबिलीत दोन वाट्या ताजे ताक, चवीपुरते मीठ, ठेचलेल्या लसणीच्या चार पाकळ्या, भाजून कुटलेले जिरे आणि कोथिंबीर घालून ती घुसळतात. कोणी वरून हिंग-जिऱ्याची फोडणी देतात. गूळ-दूध घालून ती गोड करणारेही आहेत, आणि लहान मुलांना ती आवडते. परंतु लसणीचा ठेचा पडलेल्या आंबट आंबिलीची सर तिला येत नाही. ताकाचा आणखी एक उपयोग आहे. नाचणीतील प्रथिने थोडी, आणि एकट्याने अपुरी असतात. ताकातील प्रथिने त्यांना जोड देतात.

घरात तान्हे मूल असले तर नाचणीवर आणखी एक संस्कार होतो. ती रात्रभर भिजवून ओल्या फडक्यात बांधतात. एक-दोन दिवसांत पांढरे मोड येतात. ते दाणे वाळवून, अगदी हलके भाजून, मोड चोळून काढून दळतात. मोड येताना दाण्यात असे एक पाचक द्रव्य तयार होते, की जे स्टार्चचे लांब धागे तोडते. म्हणून मोड आणलेल्या नाचणीची लापशी फारशी दाटत नाही. याची परीक्षा घरीही घेता येते. साध्या नाचणीची दाट लापशी शिजवून, बोट बुडवण्याइतकी नव्हे पण वाफा ओसरण्याइतकी निवू द्यावी, आणि मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली तिच्यात मोडाच्या पिठाचा अर्धा चमचा मिसळावा. काही मिनिटांतच ती पातळ होऊ लागते. बाळाचे पोट चिमुकले असते आणि दाट लापशी त्याला गिळवत नाही. लापशी पातळ करायला पाणी वाढवले तर पोट पाण्यानेच भरते. मोडाच्या पिठामुळे मात्र थोड्या पातळ लापशीत अधिक अन्न मावते.

एवढे गुण असून या धान्याच्या वाट्याला दीर्घकाळ उपेक्षाच आली. भात विकून पैसा मिळे, पाहुण्याला भात वाढला जाई. नाचणी घरच्यांसाठी आणि गड्यांसाठी. हळूहळू काळपट भाकरी आणि वाडग्यातली आंबील ही गरिबीची खूण मानली जाऊ लागली. जी मुले ती खाऊन वाढली, त्यांनाच शाळेतील डब्यात नाचणीची भाकरी नेण्याची लाज वाटू लागली, आणि डोंगरावरील पुष्कळ वरकस जमिनी ओस पडल्या. ही लाज किती अस्थानी होती हे आकडेच सांगतात. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांनुसार १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३६० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. पांढऱ्या तांदळात ते १० मिलिग्रॅमही नसते. अकरा-बारा वर्षांच्या वयात हाडे झपाट्याने वाढतात, आणि कॅल्शियमची गरज तेव्हाच अधिक असते. शिवाय नाचणीचे आतले साल दाण्याला इतके घट्ट चिकटलेले असते, की तांदळासारखी ती सहजी सडता येत नाही. ती सालासकटच दळली जाते, आणि तंतू व क्षार आपोआप पोटात जातात.

संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले. तेव्हापासून शहरांतील दुकानांत नाचणीची बिस्किटे आणि शेवया अधिक दिसू लागल्या. आंबिलीची पाकिटेही मिळतात, पण त्यांची फारशी गरज नाही. ज्या घरी आंबील रोजची असते, तेथे विरजणासाठी ताकसुद्धा लागत नाही. सकाळी आंबलेले पीठ उकळत्या पाण्यात सोडताना त्यातील दोन-तीन चमचे भांड्याच्या तळाशी मुद्दाम राखतात. दिवसभर ते झाकून गार जागी ठेवतात, आणि रात्री त्यातच नवे पीठ कालवून भांडे पुन्हा झाकतात.