गॅस की हृदय?

सकाळची डोंबिवलीची गर्दी, जिना धापा टाकत चढलेला आणि छातीत अचानक दडपण. 'काल वडापाव जास्त झाला, गॅस असेल,' असे म्हणत आपण लोकल पकडतो. कल्याण-ठाण्यात रोजच घडावे असे हे दृश्य.

घोटाळा मज्जारज्जूत आहे. हृदयाकडून येणाऱ्या आणि डाव्या हाताच्या आतल्या बाजूकडून येणाऱ्या काही संवेदना तिथे जवळजवळ एकाच पातळीवर पोहोचतात. मेंदूला मूळ जागा नीट ओळखता येत नाही. म्हणून दुखते हृदय आणि कळ जाणवते हातात, जबड्यात, पाठीत किंवा पोटाच्या वरच्या भागात. मधुमेहींना तर कधीकधी कळ येतच नाही. स्त्रियांमध्ये नुसती धाप, मळमळ किंवा थकवाही दिसतो.

मग ओळखायचे कसे? घरी नाहीच. त्यासाठी ईसीजी, म्हणजे हृदयाचा विद्युत आलेख हवा. 1924 साली डच शास्त्रज्ञ आइन्थोव्हेन यांना नोबेल मिळाले ते याच तंत्रासाठी. पहिला ईसीजी चांगला आला तरी धोका टळला असे नाही. हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर रक्तात उतरणारे ट्रोपोनिन हे प्रथिन वाढायला काही तास लागतात, म्हणून तपासणी पुन्हा करतात.

दडपण काही मिनिटांत गेले नाही, सोबत घाम किंवा धाप असेल, तर 108 ला फोन करा. रिक्षाने, स्वतःच्या दुचाकीने निघू नका. रक्तपुरवठा तुटलेला हृदयाचा स्नायू मिनिटागणिक मरत असतो. गॅस निघाला तर हसून घरी येता येईल.