कडू थेंब आणि उतारवय

वेल्ह्याहून पासलीमार्गे मढे घाटाकडे निघाले की दोन्ही बाजूंना सह्याद्रीचे रान सोबत करते. अशा रानात उन्हाळ्यात पांढरा कुडा फुलतो. त्याच्या फुलांची भाजी डोंगरातील घरांत आवडीने करतात. फुले उकडायची, पाणी पिळून टाकायचे, कांद्याच्या फोडणीत भिजवलेल्या मूगडाळीसह परतायची. एवढे करूनही किंचित कडवटपणा उरतो, आणि जेवणाला तोच हवा असतो.

हल्ली शहरांतील काही घरांत ‘बिटर्स’ नावाची लहान बाटली दिसते. मूळ कल्पना मात्र औषधाचीच. योहान सीगर्ट या जर्मन वैद्याने व्हेनेझुएलातील अंगोस्तुरा गावी, बोलिव्हारच्या सैन्यात काम करीत असताना, 1824 साली पोटाच्या तक्रारींसाठी असा अर्क सिद्ध केला. त्यातील प्रमुख कडू द्रव्य जेन्शियनचे मूळ. गंमत अशी, की आपले काडेचिराईत याच वनस्पतिकुळातले! लिंबाच्या सरबतात किंवा फळांच्या फोडींवर या अर्काचे दोन-चार थेंब पुरतात. पण त्यात सुमारे 45 टक्के मद्यार्क असतो, हे विसरू नये. यकृताचा विकार असलेल्यांनी, मद्य वर्ज्य केलेल्यांनी, तसेच ज्या औषधांबरोबर मद्य चालत नाही ती घेणाऱ्यांनी या बाटलीच्या वाटेला जाऊ नये.

वय वाढले की चव आणि वास दोन्ही मंदावतात. ताटातले अन्न ‘पाणचट’ वाटू लागते आणि हात मिठाकडे जातो. अशा वेळी कढीच्या फोडणीत चार मेथीदाणे, आमटीत आमसूल, ताटात कुरकुरीत कारल्याच्या दोन काचऱ्या यांनी जेवणाला धार येते, आणि मीठ न वाढवता येते. काडेचिराईत वापरायचे तर एक लहान काडी रात्री पेलाभर पाण्यात भिजवून सकाळी त्यातले चमचाभर पाणी सरबतात घालावे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर मात्र डॉक्टरांना आधी विचारावे, कारण चिराईत, मेथी, कारले यांच्या नियमित सेवनाने साखर आणखी उतरू शकते.

जे कडू ते गुणकारी, ही आपली जुनी समजूत. पाडव्याला कडुनिंब खाणाऱ्या घरांत ती रुजणे स्वाभाविक आहे. पण एका ठिकाणी ती जिवावर बेतते. दुधीभोपळा कडू निघाला, तर त्यातील कुकुर्बिटासिन हे द्रव्य विषारी ठरते. कडू दुधीच्या रसाने आपल्या देशात मृत्यू झाले आहेत, आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने असा रस पिऊ नये असे बजावले आहे. शिजवल्यानेही हा कडवटपणा जात नाही.

म्हणून दुधीचा रस काढण्यापूर्वी कच्च्या फोडीचा कण जिभेवर ठेवून पाहावा, आणि तो घरातल्या तरुण माणसाने पाहावा. आजोबांच्या जिभेला तो कडूपणा कदाचित जाणवणारच नाही. जरा कडू लागले तरी थुंकून चूळ भरावी आणि दुधी टाकून द्यावा. रस प्यायल्यावर पोटात कळा, उलट्या, जुलाब किंवा उलटीतून रक्त दिसले, तर घरगुती काढा देत बसू नये. पासलीसारख्या डोंगरातल्या गावाहून मोठे रुग्णालय गाठायला वेळ लागतो; गाडी लगेच बोलवावी आणि काय, किती प्यायले ते डॉक्टरांना सांगावे.