औंढ्याच्या डोंगरात दिवसभराची भटकंती: आधीची तयारी

ज्योतिर्लिंगासाठी प्रसिद्ध असलेले औंढा नागनाथ हिंगोली जिल्ह्यात डोंगरांच्या कुशीत वसले आहे. इथले रान पानगळीचे. उन्हाळ्यात सावली विरळ होते आणि काळा पाषाण तापतो. म्हणून वाटाड्यासोबतच्या भटकंतीला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. काही आठवडे आधीपासून चढ-उतारावर चालण्याचा सराव करावा. पायात घट्ट पकडीचे, सवयीचे बूट असावेत. पाठपिशवीत माणशी 3 लिटर पाणी, भाकरी-चटणी, गूळ-शेंगदाणे, मीठ-साखर, टोपी, शिट्टी, विजेरी आणि नेहमीची औषधे ठेवावीत. दमा, हृदयविकार किंवा गुडघेदुखी असल्यास वाटाड्याला आधीच सांगावे. पहाटे निघून ऊन चढण्याआधी चढ संपवावा. मार्ग आणि परतीची वेळ घरी कळवावी. मधमाश्यांच्या पोळ्यांजवळ धूर, अत्तर आणि गोंगाट कटाक्षाने टाळावा.