शिट्टीनंतर चिकन

कुकरची शिट्टी झाली की रस्त्यावरून नुकताच घरात आलेला गावठी कुत्रा पलंगाखाली घुसतो. मिक्सर, फ्लश, गरगरणारा पंखा... उघड्यावर वाढलेल्या जिवाला घर हीच मोठी भीती असते. काही आठवड्यांनी तोच कुत्रा तीच शिट्टी ऐकून स्वयंपाकघराच्या दारात येऊन बसू शकतो, तेही कुणी ओढलेलं नसताना, दरडावलेलं नसताना. सुटका केलेल्या कुत्र्यांना कायमचं घर मिळेपर्यंत फॉस्टर म्हणून सांभाळणाऱ्या घरांमध्ये हे घडतं. ते कसं घडतं हे कळल्यावर तर आणखीच थक्क व्हायला होतं.

आधी शिट्टी, मग लगेच उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा. एवढंच. पण हा क्रम उलटू द्यायचा नाही. दर वेळी आधी चिकन आणि मागून शिट्टी येत गेली तर कुत्रा चिकन दिसताच सावध होऊ लागतो, कारण आता चिकन संकटाची वर्दी देतं. मेंदू सतत पुढचा अंदाज बांधत असतो. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन पेशींचा अभ्यास केला तेव्हा हे लख्ख दिसलं. अनपेक्षितपणे रसाचा थेंब मिळाला की त्या पेशी उसळत. रसाआधी दर वेळी एक खूण मिळू लागली, तशा त्या खुणेलाच उसळू लागल्या आणि प्रत्यक्ष रस आला तेव्हा शांत राहिल्या. खुणेनंतर रस आलाच नाही, तर नेमक्या त्याच क्षणी त्या मंदावत.

घाबरलेल्या कुत्र्याला खाऊ दिला तर भीतीलाच बक्षीस मिळेल, असं पुष्कळांना वाटतं. पण भीती काही तो ठरवून करत नाही. फार घाबरलेला कुत्रा खाऊ तोंडातही घेत नाही, आणि ही फार मोलाची सूचना असते. आवाज जास्त झाला, अंतर कमी पडलं, इतकाच तिचा अर्थ. मग शिट्टी मोबाइलवर रेकॉर्ड करून दुसऱ्या खोलीतून, अगदी हळू ऐकवायची.

हीच पद्धत किती दूर नेता येते, हे अमेरिकेत अटलांटामधल्या एमोरी विद्यापीठात दिसलं. मेंदूशास्त्रज्ञ ग्रेगरी बर्न्स यांना जाग्या कुत्र्याच्या मेंदूचा एमआरआय हवा होता. भूल द्यायची नाही, बांधायचं नाही. एमआरआयचा खडखडाट माणसांनाही सोसत नाही, आणि डोकं जरा हललं की चित्र पुसट. त्यांची स्वतःची कुत्री कॅली निवाऱ्यातून दत्तक घेतलेली होती. तिच्यासाठी त्यांनी घरीच नकली यंत्र उभारलं, हनुवटी टेकायला आधार केला, यंत्राचा रेकॉर्ड केलेला आवाज आधी हळू, मग वाढवत नेला, आणि प्रत्येक पायरीला खाऊ दिला. शेवटी कानांवर संरक्षक कप लावून कॅली आपण होऊन खऱ्या यंत्रात गेली आणि निश्चल पडून राहिली. 2012 साली हे संशोधन प्रसिद्ध झालं. सॉसेज मिळणार असल्याची हाताची खूण दिसताच अभ्यासातल्या कुत्र्यांच्या मेंदूतला कॉडेट हा भाग सक्रिय होत होता. मला त्याहून विलक्षण वाटते ती दुसरी गोष्ट. वाटेल तेव्हा उठून निघून जायची त्यांना मुभा होती.

ही मुभा फॉस्टर घरातही सांभाळावी लागते. माणसाला बिचकणाऱ्या कुत्र्याला हातातल्या तुकड्याचं आमिष दाखवून जवळ ओढलं, तर तो भुकेपोटी येतो आणि तुकडा संपताच आपण कुठे आलो ते उमगून दचकतो. म्हणून जाणकार लोक तुकडा त्याच्या पलीकडे, आपल्यापासून दूर टाकतात. त्याला खाऊही मिळतो आणि अंतरही. मग तो स्वतःहून वळून पुन्हा जवळ येतो, बहुतेकदा आधीपेक्षा एखादं पाऊल पुढे. गुरगुरल्यावर मात्र रागवायचं नाही. धाकाने गुरगुर थांबते, भीती तशीच राहते, आणि पुढच्या वेळी इशारा न देता दात लागतो.

थोड्या मुक्कामानेही फरक पडतो. अमेरिकेतल्या 5 निवाऱ्यांमधल्या कुत्र्यांना एकदोन रात्री लोकांच्या घरी पाठवून त्यांच्या लघवीतलं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक मोजलं गेलं. ते घरी असताना उतरलं. परत गेल्यावर चढलं, पण आधीच्या पातळीच्या वर गेलं नाही. परत जाताना कुत्रं जास्तच खचेल, या भीतीने फॉस्टरिंग टाळणाऱ्यांनी हा निकाल जरूर लक्षात घ्यावा.

निरोपाची तयारी मात्र पहिल्या आठवड्यापासूनच हवी. स्वयंपाकघरात 'बस' शिकलेल्या कुत्र्याला जिन्यात किंवा बागेत तोच शब्द नवा वाटतो, कारण त्याने शब्दाबरोबर ती फरशी, तो वास, तो माणूसही शिकून घेतलेला असतो. म्हणून घरातल्या प्रत्येकाने, शेजाऱ्यांनीसुद्धा, वेगवेगळ्या जागी तोच शब्द वापरायचा आणि लगेच खाऊ द्यायचा. नव्या घराला पट्ट्याबरोबर एक कागदही द्यायचा. त्यावर लिहायचं, कुत्रा कोणत्या शब्दांना प्रतिसाद देतो, कशाला घाबरतो, चिकन जास्त आवडतं की पनीर, आणि शिट्टीनंतर किती लवकर तुकडा मिळायची त्याला सवय आहे.