३.६ बोलींच्या ध्वनिमुद्रणांचे जतन : हार्डवेअर रेड की सॉफ्टवेअर रेड?

भोकर परिसरात मराठीबरोबर गोरमाटी आणि तेलुगूही कानांवर पडतात. येथील एखाद्या वृद्ध निवेदकाची बोली आपण मुद्रित करतो, तेव्हा त्याच्या पश्चात ती पुन्हा मिळणार नसते. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट दर्जाचे एक तासाचे स्टिरिओ मुद्रण सुमारे १ गिगाबाइट जागा व्यापते. ते ज्या डिस्कवर ठेवायचे, ती कधीतरी बंद पडणार हे गृहीत धरावे लागते.

पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ मध्ये मांडलेली ‘रेड’ ही रचना अनेक डिस्क एकत्र वापरते. ‘रेड १’मध्ये दोन डिस्कवर तोच मजकूर असतो. ‘रेड ५’मध्ये किमान तीन डिस्क लागतात; एक निकामी झाल्यास उरलेल्यांवरून तिचा मजकूर पुन्हा सिद्ध होतो. खल्जीच्या स्वारीत गमावलेले लीळाचरित्र अनुयायांच्या स्मरणातून पुन्हा सिद्ध झाले, असे महानुभाव परंपरा सांगते. त्याच्याशी हे ताडून पाहावे.

हे काम हार्डवेअर पद्धतीत स्वतंत्र कार्ड करते. त्यावर बॅटरी असल्यास वीज गेली तरी अर्धवट राहिलेले लेखन सुरक्षित राहते. परंतु डिस्कवरील मांडणी बहुधा त्या उत्पादकाच्या पद्धतीची असते. कार्ड बिघडले आणि तशाच जातीचे दुसरे मिळाले नाही, तर डिस्क शाबूत असूनही मजकूर वाचणे अवघड होते. सकळ लिपीतील पोथ्यांची अशीच अवस्था होती. राजवाड्यांनी लिपी उलगडेपर्यंत त्या बाहेरच्या वाचकाला मुक्याच होत्या.

सॉफ्टवेअर पद्धतीत हेच काम संगणकाची कार्यप्रणाली करते. लिनक्सवर घडवलेली जोडी दुसऱ्या लिनक्स संगणकाला जोडूनही वाचता येते आणि कार्डाचा खर्च वाचतो. मात्र वीज अचानक गेल्यास दोन डिस्कवरील मजकुरात तफावत पडू शकते. म्हणून यूपीएस आवश्यक ठरतो.

म्हणून महाविद्यालयीन भाषाविभागाला सॉफ्टवेअर ‘रेड १’ आणि यूपीएस ही जोडी अधिक सोयीची होय. तथापि रेड म्हणजे राखीव प्रत नव्हे. चुकून पुसलेली फाईल दोन्ही डिस्कवरून एकदमच जाते. १९९३ चा किल्लारीचा भूकंप अनुभवलेल्या मराठवाड्यात सर्व प्रती एकाच इमारतीत ठेवणेही इष्ट नव्हे. एक प्रत अन्य गावी असावी.

स्वयं-अध्ययन प्रश्न : डिस्क शाबूत असूनही मुद्रण कोणत्या परिस्थितीत वाचता येत नाही, ते सोदाहरण स्पष्ट करा.