भूल द्यावी, भूलथाप देऊ नये

पहिल्या पानावर अग्रलेख दिसला म्हणजे वाचकांची दृष्टी प्रथम मंत्रालयाकडे वळते. कोणाचे आसन डळमळले ते शोधू लागतात. आज त्यांची निराशा होणार आहे. ही जागा आज आम्ही तीन वर्षांच्या एका मुलासाठी राखून ठेवली आहे. त्याचे नाव काहीही असो. मुंबईतील कोणत्याही मोठ्या रुग्णालयात उद्या सकाळी तो भेटेल. त्याला झटके येतात, म्हणून डॉक्टरांनी मेंदूचा एम.आर.आय. काढावयास सांगितले आहे. आणि तो स्वस्थ पडून राहणार नाही, म्हणून त्याला गुंगीचे औषध द्यावयाचे आहे. आईबाप रात्रीच्या एस.टी.ने निघाले आहेत. आपण राणीच्या बागेत पेंग्विन पाहावयास चाललो आहोत, असे मुलाला सांगितलेले आहे. आजीने बिस्किटांचा पुडा पिशवीच्या तळाशी लपवला आहे. त्या पेंग्विनमध्ये आणि त्या पुड्यात मुलाच्या जिवाशी व मनाशी निगडित असे दोन प्रश्न दडलेले आहेत. तिसरा प्रश्न रुग्णालयाच्या घड्याळात आहे.

मराठी भाषेने या बाबतीत एक गंमत करून ठेवली आहे. शुद्ध हरपविणाऱ्या औषधाच्या परिणामाला आपण भूल म्हणतो, चुकीलाही भूल म्हणतो, आणि खोटे सांगून कोणाला फसविले तर त्यास भूलथाप म्हणतो. यांपैकी पहिली भूल ही शास्त्राची मोठीच देणगी होय. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेत बोस्टन येथे विल्यम मॉर्टन याने ईथर हुंगवून रुग्णाला बेशुद्ध केले व शस्त्रवैद्याने त्याच्या मानेवरील गाठ काढली, तेव्हापासून शस्त्रक्रियेचे स्वरूपच पालटले. परंतु त्यानंतर सुमारे सव्वा वर्षानेच, २८ जानेवारी १८४८ रोजी, इंग्लंडात न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी क्लोरोफॉर्म देताच दगावली. तिच्यावर कोणती मोठी शस्त्रक्रिया व्हावयाची होती? पायाच्या बोटाचे नख काढावयाचे होते.

क्लोरोफॉर्म केव्हाच हद्दपार झाले, औषधे सुधारली, देखरेखीची साधने आली आणि आज हे काम पुष्कळच निर्धोक झाले आहे. तरीही हॅनाची आठवण आम्ही मुद्दाम करून देतो. “नुसता फोटोच तर काढायचा आहे,” हे वाक्य रुग्णालयाच्या बाकावर वारंवार ऐकू येते, आणि ते नातेवाइकांच्याच तोंडी असते असे नाही. तपासणी किरकोळ असेल. गुंगी किरकोळ नसते. एम.आर.आय.मध्ये सुई नाही की कात्री नाही, परंतु त्या बोगद्यात वीस मिनिटांपासून पाऊण तासापर्यंत मान न हलविता पडून राहावे लागते, आणि यंत्र कानाशी सारखे ठोकत असते. एवढ्यासाठीच औषध द्यावयाचे. पण हलकी गुंगी, गाढ गुंगी आणि पूर्ण भूल यांच्यामध्ये भिंती नाहीत; तो एक सलग उतार आहे. ज्या मात्रेने एक मूल नुसते पेंगते, त्याच मात्रेने दुसरे इतके खाली उतरते की त्याची जीभ मागे पडून श्वासाचा मार्ग अडतो. लहान मुलाची श्वासनलिका अरुंद, प्राणवायूचा साठा अल्प आणि खर्च मोठा. मोठ्या माणसाच्या बाबतीत जेवढा अवधी हाताशी असतो, तेवढा येथे नसतो.

२००० साली अमेरिकेतील डॉ. चार्ल्स कोटे व त्यांचे सहकारी यांनी गुंगीमुळे मुलांवर ओढवलेल्या अपघातांची छाननी केली. दोष अमुकच एका औषधाचा असे त्यांना आढळले नाही. मुलाकडे लक्ष ठेवण्यात आणि श्वास मंदावताच तो सावरण्यात जेथे उणीव राहिली, तेथे घात झाला होता. काही मुले तर रुग्णालयाबाहेर, वाटेत वा घरी, गेली होती. म्हणून पालकांनी विचारावयाचे प्रश्न साधे आहेत आणि ते विचारताना मुळीच संकोच करू नये. औषध कोण देणार? ते दिल्यावर केवळ मुलाकडेच पाहणारी, दुसरे काहीही काम न करणारी व्यक्ती कोण? बोटाला प्राणवायू मोजणारा चिमटा लागणार ना? मुलाच्या मापाचा मुखवटा व प्राणवायू त्याच खोलीत आहे ना? मुलाचे वजन त्याच दिवशी काट्यावर करून घ्यावे; मात्रा किलोच्या हिशेबाने ठरते, तेथे “बारा-तेरा असेल” हे उत्तर चालत नाही. गुंगीचे सरबत घरूनच पाजून आणा, असा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये. आणि मुलाला सर्दी-खोकला असेल, ते रात्री घोरत असेल, दुधाचा दात हलत असेल, घरात कोणाला पूर्वी भुलेचा त्रास झाला असेल, तर ते लपवू नये. तारीख पुढे जाईल या भीतीने सर्दी लपविणारे पालक आम्ही पाहिले आहेत. झटक्यांचे रोजचे औषध आपल्या मनाने बंद करू नये. सकाळची मात्रा केव्हा व कशी द्यावयाची हे डॉक्टरांकडून आदल्या दिवशीच विचारून घ्यावे.

आता आजीच्या पुड्याकडे वळू. गुंगीत घशाची राखण सैल पडते. पोटात अन्न असेल तर ते वर येऊन फुप्फुसात उतरू शकते. जठरातील आम्लाने फुप्फुसाची कशी दुर्दशा होते, हे अमेरिकेतील डॉ. मेंडेलसन यांनी १९४६ मध्येच दाखवून दिले. म्हणून सामान्य नियम असा की, हलके खाणे तसेच गाईम्हशीचे वा डब्याचे दूध सहा तास आधी थांबवावे, आईचे दूध चार तास आधी, आणि नितळ पाण्यासारखे पेय दोन तास आधी. तळलेल्या वा जड खाण्यास याहूनही अधिक अवधी हवा. या मर्यादा रुग्णालयागणिक थोड्या बदलतात, तेव्हा आपल्या डॉक्टरांनी सांगितलेली वेळच अंतिम मानावी.

आमच्या घरांतून येथे एक घोटाळा होतो, आणि तो केवळ अज्ञानाचा नव्हे, भाषेचा आहे. परिचारिका सांगते, “मुलाला उपास ठेवा.” महाराष्ट्रातील कोणत्या घरी उपासाला दूध चालत नाही? केळे चालते, साबुदाण्याची खिचडी तर हक्काने चालते! आजी शब्दाला जागते आणि पहाटे पेलाभर दूध पाजते. दूध म्हणजे तिच्या लेखी पाणीच. प्रत्यक्षात ते पोटात गेल्यावर फाटते, घट्ट होते आणि त्याची गणना अन्नातच होते. पेज, भाताचे पाणी, वरणावरचे पाणी यांनाही नितळ पेय म्हणता येत नाही. मुलाची भूक न पाहवून दिलेले एक बिस्किटही याच हिशेबात येते. आणि दिलेच असेल, तर ते सांगून टाकावे. तपासणी दोन-चार तास पुढे ढकलता येते. “नाही हो, काही दिलं नाही,” या एका वाक्यामागे दडलेले बिस्किट मात्र डॉक्टरांना दिसत नाही.

तथापि सारा दोष आजीच्या पदरात घालून मोकळे होणे न्यायाचे होणार नाही. “रात्री बारानंतर काही देऊ नका,” हा सरसकट हुकूम कोणाच्या सोयीचा? ज्याचा क्रमांक सकाळी आठचा त्यालाही तोच, आणि ज्याचा दुपारी एकचा त्यालाही तोच. पुढे आकस्मिक रुग्ण येतात, यंत्र अडते, यादी सरकते, आणि मूल तेरा-चौदा तास पाण्याविना रडत राहते. याला आम्ही काळजी म्हणत नाही. लहान मुलाच्या शरीरात साखरेची शिल्लक थोडी. उपाशी व कोरड्या पडलेल्या मुलाची शीरही लवकर सापडत नाही, मग एका सुईच्या जागी तीन सुया टोचाव्या लागतात. जगातील शास्त्र दिवसेंदिवस उपवासाचा काळ कमी करण्याकडे वळले आहे. २०१८ मध्ये ब्रिटन, फ्रान्स व युरोपातील बालभूलतज्ज्ञांच्या संस्थांनी नितळ पेयाची मर्यादा दोन तासांवरून एकाच तासावर आणण्यास संयुक्त संमती दिली. आणि आपण अद्याप मध्यरात्रीचे ठोके मोजत बसलो आहोत! सर्वांत लहान मूल यादीत सर्वांत आधी घेणे, प्रत्येकाच्या कागदावर त्याच्या क्रमांकाप्रमाणे “दूध अमुक वाजेपर्यंत, पाणी अमुक वाजेपर्यंत” असे मराठीत लिहून देणे आणि उशीर होणार असे दिसताच बाहेर येऊन “आता दोन घोट पाणी पाजा” असे सांगणे, यांपैकी कशाला अनुदान लागते?

राहिला पेंग्विनचा प्रश्न. आमच्या आयुष्याची काही वर्षे शाळेत शिकविण्यात गेली. शाळेत लस टोचावयास वैद्यकीय पथक आले म्हणजे कोणती मुले आक्रोश करणार, हे आम्हांला आधी कळत असे. घरी “जेव, नाहीतर डॉक्टर सुई टोचतील” असा बागुलबुवा ज्यांना दाखविला जाई, ती मुले हटकून रडत. आणि “काही नाही, नुसतं बघणार आहेत” असे सांगून ज्यांना एकदा फसविलेले असे, ती त्याहूनही अधिक. पहिल्यांना सुईचे भय होते. दुसऱ्यांचा माणसांवरचाच विश्वास उडालेला होता. बागेच्या नावाने निघालेले मूल रुग्णालयाच्या खाटेवर पोहोचले, म्हणजे तेथे ज्यांच्याकडे बिलगून पाहावे तेच खोटे बोलले, एवढेच त्याला उमगते; आणि पुढच्या खेपेस बागेचे नाव काढताच ते दाराची चौकट घट्ट धरते.

तीन वर्षांच्या मुलाला फार आधी सांगून उपयोग नाही. त्याला ‘परवा’ कळत नाही. आदल्या दिवशी आणि पुन्हा सकाळी, थोडक्यात सांगावे. पाच-सहा वर्षांच्या मुलाला चार-दोन दिवस आधी सांगितले तर ते प्रश्न विचारते आणि त्या प्रश्नांतच त्याचे भय बाहेर पडते. घरी खुर्च्यांवर चादर टाकून बोगदा करावा, बाहुलीला आत निजवावे, बाहेरून डबा ठकठक वाजवावा. मग मुलाने स्वतः आत शिरावे. काही मोठी मुले अशा सरावाने गुंगीवाचूनही स्वस्थ पडून राहतात. अगदी तान्ह्या बाळांना तर पोटभर पाजून, दुपट्यात घट्ट गुंडाळून नैसर्गिक झोपेतच तपासण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. आपले दूध-दुपटे येथे औषधाचे काम करते, हे वाचून निदान आजीला समाधान वाटेल. मात्र हा बेत डॉक्टरांनी ठरवावयाचा. गुंगी देणार असतील तर निराहाराचाच नियम.

शब्द जपून वापरावेत. “तुला झोपवणार आहेत,” एवढेच सांगू नये. ज्या घरात आजोबा ‘झोपले’ आणि देवाघरी गेले, त्या घरातील मूल या वाक्याचा कोणता अर्थ लावील, याचा विचार केला आहे काय? “ही औषधाची झोप आहे, काम झाले की उतरते, आणि तू उठशील तेव्हा मी शेजारी असेन,” असे सांगावे, आणि मग खरोखरच शेजारी असावे. हे शेवटचे आईबापांच्या हाती पूर्णपणे नाही. लहान मुलाला रुग्णालयात आईपासून तोडल्याने त्याच्या मनाचे काय होते, हे जेम्स रॉबर्टसन यांनी इंग्लंडात १९५२ मध्ये चित्रपट काढून दाखविले. १९५९ च्या प्लॅट समितीने आईबापांना मुलाजवळ मोकळेपणी येऊ द्यावे अशी शिफारस केली. इतकी वर्षे लोटल्यावरही “आई बाहेर थांबा” हे शब्द दारातून खेकसून फेकले जातात, हे आम्हांस लाजिरवाणे वाटते. अंगावर धातू नसेल आणि सुरक्षेला बाध येत नसेल, तर डोळा लागेपर्यंत आई जवळ असण्यास हरकत कोणती?

धातूवरून आठवले. त्या यंत्रातील चुंबक बहुधा अहोरात्र जागा असतो. वाळे, मनगट्या, करदोटा, ताईत, केसांतील पिना हे सारे घरीच उतरवावे. दारात ओढाताण नको.

मेंदूवर परिणाम होईल काय, हे भय अनेकांना असते. तीन वर्षांखालील मुलांना तीन तासांहून अधिक वा वारंवार भूल देण्याविषयी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये सावधगिरीची सूचना दिली हे खरे. परंतु तान्हेपणी एकदाच, तासाभराच्या आत भूल मिळालेल्या मुलांची पाचव्या वर्षी बुद्धी तपासली असता उणीव आढळली नाही, असा बहुराष्ट्रीय अभ्यासाचा निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. या भीतीने आवश्यक तपासणी टाळण्यात मात्र खरा धोका आहे.

तपासणीनंतर मूल कधी चिडून, अनोळखी नजरेने रडते. हे बहुधा थोड्या वेळात निवळते. ते पुरते जागे होऊन नेहमीसारखे पाहू-बोलू लागेपर्यंत घरी नेण्याची घाई करू नये. दुचाकीवर मध्ये बसवून तर मुळीच नेऊ नये. पेंगणाऱ्या मुलाची हनुवटी छातीवर टेकली की श्वास अडतो आणि चालविणाऱ्याला ते दिसत नाही. रिक्षात वा गाडीत एकाने केवळ मुलाकडेच पाहत बसावे, मान सरळ ठेवावी. त्या दिवशी जिना, गच्ची आणि पाण्याचा पिंप यांपासून त्याला दूर ठेवावे.

या शहरातील रुग्णालयांना आमचे आवाहन आहे. मुलांच्या पालकांना निराहाराविषयी आपण जो कागद देता, तो आमच्याकडे पाठवावा. ज्या कागदावर मराठीत, मुलाच्या क्रमांकाप्रमाणे, दुधाची व पाण्याची वेगवेगळी वेळ लिहिलेली असेल, तो आम्ही रुग्णालयाच्या नावासह याच पानावर छापू.